रक्तवायु-मापन व त्याची गुणवत्ता

रक्तवायु-मापन व त्याची गुणवत्ता : रोहिणीतून (हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीतून) काढलेल्या रक्तातील ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड या वायूंचे आंशिक दाब (वायूंच्या मिश्रणात एकेका वायूमुळे निर्माण होणारे दाब) आणि त्या रक्ताचे पीएच मूल्य (अम्लता किंवा क्षारकता दर्शविणारे मूल्य) यांच्या निश्चितीस रक्तवायु-मापन म्हणतात. समुद्रसपाटीस राहणाऱ्या निरोगी प्रौढ व्यक्तीत पीएच मूल्य ७·३५ ते ७·४५, कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब ३५ ते ४५ मिमी. व ऑक्सिजनाचा दाब ८० ते १०० मिमी. असतो (या नोंदीत सर्व दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या मिमी. मध्ये दिले आहेत). श्वसनक्रिया पुरेशी होत आहे की नाही, रुग्णास कृत्रिम श्वसनाची गरज आहे काय आणि शरीरातील अम्ल-क्षारक समतोल कोणत्या कारणाने ढळला आहे, या प्रश्नांची उत्तरे या तीन आकड्यांवरून मिळतात. अतिदक्षता विभागात या आकड्यांवरून काही मिनिटांतच उपचार बदलले जातात. यामुळे चुकीच्या आकड्याचा परिणाम येथे जितक्या लवकर रुग्णास भोगावा लागतो, तितका प्रयोगशाळेतील फार थोड्या परीक्षांच्या बाबतीत भोगावा लागतो.

या मापनाच्या गुणवत्तेचा प्रश्न इतर रासायनिक परीक्षांहून वेगळा आहे. रक्तद्रवातील ग्लुकोज किंवा यूरिया यांच्या तपासणीसाठी रक्तरस गोठवून ठेवता येतो आणि तोच पुन:पुन्हा तपासून उपकरणाची विश्वासार्हता पाहता येते. वायूंच्या मापनासाठी घेतलेल्या रक्तातील कोशिका (पेशी) मात्र जिवंत असतात. त्या पिचकारीतही ऑक्सिजन वापरतात व कार्बन डाय-ऑक्साइड आणि अम्ल निर्माण करतात. शिवाय हवेशी संबंध आल्यास वायूंची देवघेव लगेच सुरू होते. म्हणजे ज्या पदार्थाचे मापन करावयाचे तो पदार्थ प्रत्येक क्षणी बदलत असतो. या मापनाच्या सु. दोन शतकांच्या इतिहासात उपकरणे सुधारत गेली, तसतशी चुकीची जागा मात्र बदलत गेली. ती प्रथम पद्धतीत होती, मग आकड्याच्या अर्थात, त्यानंतर उपकरणाच्या अंशशोधनात आणि अखेरीस रुग्णशय्या व उपकरण यांमधील अंतरात, असे स्थूलमानाने म्हणता येते.

प्रारंभीचे प्रयत्न : निर्वात पात्रात ठेवलेल्या रक्तातून बुडबुडे निघतात, हे रॉबर्ट बॉइल यांनी सतराव्या शतकात पाहिले होते. जर्मन शास्त्रज्ञ हाइन्रिख गुस्टाफ माग्नुस यांनी १८३७ मध्ये पाऱ्याच्या निर्वात पंपाच्या साहाय्याने रक्तातील वायू वेगळे केले. रोहिणी व नीला (हृदयाकडे रक्त नेणारी वाहिनी) या दोहोंतील रक्तात ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड असतात आणि रोहिणीतील रक्तात ऑक्सिजनाचे प्रमाण जास्त असते, असे त्यांनी दाखविले. त्यामुळे श्वसनातील वायूंची मुख्य देवघेव फुप्फुसात होते व ज्वलनासारखी क्रिया शरीरातील ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांत) होते, या मताला बळकटी आली.

फुप्फुसाच्या स्रवणाचा वाद : मापनातील दोषामुळे एखादी चुकीची उपपत्ती किती काळ टिकू शकते, याचे उदाहरण या क्षेत्रात लवकरच घडले. डॅनिश शरीरक्रियावैज्ञानिक क्रिस्तीआन बोर यांना १८९१ मध्ये रोहिणीतील ऑक्सिजनाचा दाब काही वेळा फुप्फुसातील वायुकोशांच्या हवेपेक्षाही अधिक आढळला. यावरून फुप्फुस एखाद्या ग्रंथीप्रमाणे ऑक्सिजन रक्तात स्रवते, असे मत त्यांनी मांडले. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांचेही मत तसेच होते. बोर यांचे साहाय्यक आउगुस्ट क्रॉग यांनी हवेचा अगदी लहान बुडबुडा रक्ताशी समतोल करून त्याचे विश्लेषण करण्याचे सूक्ष्म उपकरण तयार केले. त्याच्या साहाय्याने त्यांनी व त्यांच्या पत्नी मारी क्रॉग यांनी १९१० मध्ये असे दाखविले की, रोहिणीतील ऑक्सिजनाचा दाब वायुकोशांतील दाबापेक्षा नेहमी कमीच असतो. वायूंची देवघेव केवळ विसरणाने (जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपोआप पसरण्याने) होते.

केंब्रिज येथील जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी १९२० मध्ये ऑक्सिजनाचे प्रमाण कमी केलेल्या काचेच्या कोठडीत सहा दिवस राहून स्वत:च्या मनगटाजवळील रोहिणीतून रक्त काढून घेतले. त्या रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण वायुकोशांतील हवेशी समतोल केलेल्या रक्तापेक्षा अधिक आढळले नाही. तरीही हॉल्डेन यांनी आपले मत अखेरपर्यंत पूर्णपणे सोडले नाही. या वादात दोन्ही बाजूंचे संशोधक कुशल होते. फरक पडला तो अधिक चांगल्या पद्धतीने आणि ती पद्धती पुन:पुन्हा तपासून पाहण्याच्या वृत्तीने.

रासायनिक पद्धतींचा काळ : विसाव्या शतकाच्या प्रारंभी अम्ल-क्षारक समतोलाची सैद्धांतिक चौकट तयार झाली. लॉरेन्स जे. हेंडरसन यांनी १९०८ मध्ये कार्बॉनिक अम्ल व बायकार्बोनेट यांचा रक्ताच्या अम्लतेशी असलेला संबंध मांडला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील एस्. पी. एल्. सरेन्सन यांनी १९०९ मध्ये पीएच मूल्याची कल्पना प्रचारात आणली आणि त्याच शहरातील कार्ल हासेलबाल्क यांनी १९१६ मध्ये हेंडरसन यांचे समीकरण लॉगरिथमी रूपात लिहिले. या समीकरणानुसार पीएच मूल्य, कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब व बायकार्बोनेट या तिहींपैकी कोणत्याही दोन राशी माहीत असल्यास तिसरी गणिताने काढता येते. ही सोय पुढे गुणवत्तेच्या दृष्टीनेही उपयोगी पडली. परस्परांशी न जुळणारे तीन आकडे एकाच अहवालात आले, तर त्यांपैकी एक तरी चुकीचा आहे, हे त्यावरून कळू शकते.

रुग्णाच्या रोहिणीत सुई घालून रक्त घेण्याचा प्रघात १९१२ च्या सुमारास जर्मनीत सुरू झाला. अमेरिकेत डोनाल्ड व्हॅन स्लाइक यांनी १९१७ मध्ये व पुढे सुधारित स्वरूपात जे. एम्. नील यांच्यासमवेत १९२४ मध्ये रक्तातील वायूंचे एकूण प्रमाण मोजण्याचे पाऱ्याचे उपकरण तयार केले. कुशल हातात ते अतिशय विश्वसनीय होते व अनेक दशके इतर पद्धती त्याच्याशी ताडून पाहिल्या जात. मात्र त्यावर एका नमुन्यासाठी बराच वेळ व मोठे कौशल्य लागे. त्यामुळे ते संशोधन संस्थांत वापरले गेले. सामान्य रुग्णालयांतील वैद्य ओठ व नखे यांच्या निळसरपणावरूनच ऑक्सिजनाच्या न्यूनतेचा अंदाज करीत. हा अंदाज किती फसवा असतो हे ज्यूलियस कॉमरो व स्टेला बोटेल्हो यांनी १९४७ मध्ये दाखविले. रक्ताची ऑक्सिजन-संपृक्तता ८० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत बहुसंख्य निरीक्षकांना निश्चित निळसरपणा ओळखता आला नाही. डोळ्यांनी केलेल्या निरीक्षणाची जागा मापनाने घेणे आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

कोपनहेगन, १९५२ : या मापनास रुग्णालयातील नित्याचे स्थान मिळाले ते एका साथीमुळे. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये बालपक्षाघाताची (पोलिओची) तीव्र साथ आली. तेथील ब्लेगडाम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वसन किंवा गिळण्याची क्रिया लुळी पडलेल्या ३१ रुग्णांवर लोह फुप्फुस व तत्सम साधनांनी उपचार करण्यात आले. त्यांपैकी २७ दगावले. या रुग्णांच्या रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे एकूण प्रमाण (ज्यात बायकार्बोनेटाचा वाटा सर्वांत मोठा असतो) वाढलेले आढळे. बायकार्बोनेट वाढले म्हणजे रक्त क्षारकीय झाले, असा अर्थ लावून या अवस्थेस अज्ञात कारणाने होणारी क्षाररक्तता मानले गेले होते.

रुग्णालयाचे प्रमुख एच्. सी. ए. लासेन यांनी ऑगस्टमध्ये शुद्धिहरणतज्ञ (भूलतज्ञ) ब्यर्न इब्सेन यांना सल्ल्यासाठी बोलाविले. शस्त्रक्रियेच्या वेळी श्वसन अपुरे पडल्यास काय घडते याचा इब्सेन यांना अनुभव होता. त्यांनी त्याच आकड्याचा उलट अर्थ लावला. श्वसन अपुरे असल्यामुळे कार्बन डाय-ऑक्साइड शरीरात साठत आहे. बायकार्बोनेट वाढले आहे ते त्यामुळेच आणि रुग्ण क्षाररक्ततेने नव्हे, तर श्वसनजन्य अम्लरक्ततेने मरत आहेत, असे त्यांनी सांगितले. २७ ऑगस्ट रोजी १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनालास छिद्र पाडून नळीतून हाताने पिशवी दाबून श्वसन चालू ठेवण्यात आले व तिची प्रकृती सुधारली. प्रयोगशाळेचे प्रमुख पोउल आस्ट्रुप यांनी रक्ताचे पीएच मूल्य प्रत्यक्ष मोजले, तेव्हा रक्त अम्लीय असल्याचे सिद्ध झाले. त्यानंतरच्या महिन्यांत सु. १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रुग्णांजवळ बसून हाताने श्वसन चालविले. काही काळ एका वेळी सु. ७० रुग्ण अशा रीतीने जगविले जात होते. मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. १९५३ च्या अखेरीस इब्सेन यांनी कोपनहेगन येथे स्थापन केलेला विभाग हा आधुनिक अतिदक्षता विभागाचा प्रारंभ मानला जातो.

गुणवत्तेच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व वेगळे आहे. ब्लेगडाममधील एकूण कार्बन डाय-ऑक्साइडाचा आकडा चुकीचा नव्हता. तो अचूक मोजलेला, परंतु एकटा आकडा होता. पीएच मूल्य किंवा कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब सोबत नसल्यामुळे त्याचे दोन परस्परविरुद्ध अर्थ संभवत होते आणि त्यांपैकी चुकीचा अर्थ स्वीकारला गेला होता. मापनाची अचूकता व अहवालाची उपयुक्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसून आले. आस्ट्रुप यांनी यातूनच १९५६ मध्ये एक नवी पद्धत सुचविली. रक्ताचे पीएच मूल्य आहे त्या स्थितीत मोजावयाचे, नंतर तेच रक्त कार्बन डाय-ऑक्साइडाच्या दोन ज्ञात दाबांशी समतोल करून पुन्हा मोजावयाचे आणि आलेखावरून मूळचा दाब काढावयाचा, असे तिचे स्वरूप होते. त्यांचे सहकारी ओले सिगार्ड-अँडरसन यांनी पुढे बोटातून घेतलेल्या काही थेंबांवर हे काम करणारे सूक्ष्म उपकरण व आलेख तयार करण्यात महत्त्वाचा वाटा उचलला.

विद्युत् अग्रांचा शोध : दोन्ही वायूंचे दाब थेट मोजणारी साधने अमेरिकेत याच दशकात तयार झाली. रिचर्ड स्टो यांनी १९५४ मध्ये पीएच मूल्य मोजणाऱ्या काचेच्या विद्युत् अग्रावर रबराचे पातळ पटल बसवून कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब मोजण्याची कल्पना मांडली. पटलातून हा वायू आत शिरून पाण्याच्या थराची अम्लता वाढवितो व ती विद्युत् अग्रास जाणवते. मात्र आत ऊर्ध्वपातित पाणी वापरल्यामुळे वाचन स्थिर राहत नसे. जॉन सेव्हरिंगहाउस यांनी त्या पाण्यात सोडियम बायकार्बोनेट व मीठ घातले. या बदलामुळे संवेदनक्षमता सु. दुप्पट झाली व वाचन स्थिर झाले. लेलँड क्लार्क यांनी १९५६ मध्ये प्लॅटिनमाचे विद्युत् अग्र प्लॅस्टिकच्या पटलाने झाकून ऑक्सिजनाचा दाब मोजण्याचे साधन प्रसिद्ध केले. पटलामुळे रक्तातील प्रथिनांचा धातूशी संबंध येत नाही व मिळणारा विद्युत् प्रवाह ऑक्सिजनाच्या दाबाच्या प्रमाणात राहतो. सेव्हरिंगहाउस व ए. एफ्. ब्रॅड्ली यांनी १९५८ मध्ये ही दोन्ही विद्युत् अग्रे ३७° से. तापमानाच्या जलपात्रात एकत्र बसविली. आजच्या रक्तवायु-विश्लेषकाचा आराखडा तोच आहे. १९७३ मध्ये कोपनहेगन येथील रेडिओमीटर कंपनीने स्वत:चे अंशशोधन स्वत:च करणारा पहिला विश्लेषक बाजारात आणला.

अंशशोधन : विद्युत् अग्र स्वत: दाब मोजत नाही, ते विद्युत् दाब किंवा प्रवाह देते. तो कोणत्या दाबाशी जुळतो हे ज्ञात पदार्थांच्या साहाय्याने ठरवावे लागते. पीएच मूल्यासाठी ३७° से. तापमानास ६·८४० व ७·३८४ मूल्ये असलेले फॉस्फेटाचे उभयप्रतिरोधी विद्राव (अम्ल वा क्षारक मिसळले तरी पीएच मूल्य फारसे न बदलणारे विद्राव) वापरले जात. वायूंसाठी ५ व १० टक्के कार्बन डाय-ऑक्साइड असलेली वायुमिश्रणे वापरण्याचा प्रघात होता. मिश्रणातील टक्केवारीवरून दाब काढताना हवेच्या दाबातून ३७° से. तापमानाच्या जलबाष्पाचा दाब, म्हणजे ४७ मिमी., वजा करावा लागतो. समुद्रसपाटीस हवेचा दाब ७६० मिमी. असताना ५ टक्के मिश्रणातील कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब (७६० – ४७) × ०·०५ = सु. ३५·७ मिमी. येतो. हेच मिश्रण समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर असलेल्या पुण्यात वापरले, तर तेथील हवेचा दाब सु. ७१० मिमी. असल्यामुळे खरा दाब सु. ३३·२ मिमी. येतो. मुंबईचा आकडा पुण्यात तसाच घेतल्यास प्रत्येक रुग्णाच्या अहवालात सु. अडीच मिमी. ची चूक शिरते आणि १२ टक्के ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाच्या बाबतीत ती सु. ६ मिमी. होते. ही चूक सर्व नमुन्यांत सारखीच असल्यामुळे एकच नमुना दहा वेळा तपासूनही ती लक्षात येत नाही. यासाठी वायुदाबमापकाची नियमित पडताळणी हा गुणवत्तेच्या कार्यक्रमाचा भाग समजला जातो. तापमानाचेही तसेच आहे. टी. बी. रोझेन्थाल यांनी १९४८ मध्ये दाखविल्याप्रमाणे रक्ताचे पीएच मूल्य तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सु. ०·०१५ ने बदलते. म्हणून मापनकक्षाचे तापमान अंशाच्या दहाव्या भागापर्यंत स्थिर ठेवावे लागते.

नियंत्रण नमुने व आलेख : चिकित्सालयीन प्रयोगशाळांतील गुणवत्तेचा विचार प्रथम इतर रासायनिक परीक्षांच्या संदर्भात सुरू झाला. विल्यम बेल्क व एफ्. विल्यम सुंडरमन यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील रुग्णालयांच्या प्रयोगशाळांकडे एकसारखे नमुने पाठवून १९४७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच नमुन्याबाबत आलेली उत्तरे वैद्यकीय दृष्ट्या अस्वीकार्य इतकी भिन्न होती. १९५० मध्ये एस्. लेव्ही व ई. आर्. जेनिंग्ज यांनी वॉल्टर शुहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यांसाठी तयार केलेला नियंत्रण आलेख प्रयोगशाळेत आणला. ज्ञात मूल्याचा नियंत्रण नमुना रोज तपासावयाचा, त्याचे वाचन तारखेसमोर मांडावयाचे आणि ते सरासरीपासून दोन किंवा तीन प्रमाण विचलनांच्या मर्यादेत आहे की नाही हे पाहावयाचे, अशी ही पद्धत आहे. अचानक पडलेली उडी अपघाती चूक दर्शविते, तर रोज थोडे थोडे एकाच दिशेने सरकणारे बिंदू पटल जुने झाल्याची किंवा विद्युत् अग्रावर प्रथिने साचल्याची सूचना देतात.

रक्तवायूंसाठी नियंत्रण नमुना कशाचा करावयाचा ही मोठी अडचण होती. सर्वांत विश्वसनीय मार्ग म्हणजे ताजे रक्त टोनोमीटर या उपकरणात ३७° से. तापमानास ज्ञात वायुमिश्रणाशी समतोल करणे. अशा रक्तातील दोन्ही वायूंचे दाब सिद्धांतावरूनच ठरतात. पीएच मूल्य मात्र ठरत नाही. शिवाय ते काम वेळखाऊ असून रक्त हाताळण्याचा धोकाही असतो. त्यामुळे १९७० नंतरच्या काळात वायू विरघळविलेले उभयप्रतिरोधी विद्राव काचेच्या बंद कुप्यांतून मिळू लागले. ते सोयीचे ठरले, पण रक्तातील हीमोग्लोबिनाप्रमाणे ऑक्सिजन साठविण्याची शक्ती त्यांत नाही. कुपी फोडल्यानंतर थोडा उशीर झाला किंवा खोलीचे तापमान बदलले की, त्यांतील ऑक्सिजनाचा दाब रक्तापेक्षा अधिक वेगाने बदलतो. उपकरण निर्दोष असूनही नियंत्रण नमुना चुकल्याचे आणि क्वचित याच्या उलट घडल्याचे यामुळे आढळते.

आलेखावरून निर्णय कसा घ्यावयाचा याचे नियम जेम्स वेस्टगार्ड व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये सुसूत्र केले. दोन प्रमाण विचलनांबाहेर गेलेले प्रत्येक वाचन नाकारले, तर तीन स्वतंत्र राशी एकत्र तपासताना सर्व काही ठीक असूनही दर सात-आठ तपासण्यांत एकदा खोटा इशारा मिळतो. अशा इशाऱ्यांची सवय झालेले कर्मचारी खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतात. म्हणून असे एक वाचन केवळ सूचना समजावे आणि तीन विचलनांबाहेरील एक किंवा एकाच बाजूस दोन विचलनांबाहेरील लागोपाठ दोन वाचने आल्यास रुग्णांचे अहवाल थांबवावेत, अशा स्वरूपाचे हे नियम आहेत.

नमुन्यातील दोष : उपकरणे सुधारल्यावर असे दिसून आले की, उरलेल्या चुकांपैकी बऱ्याच चुका रक्त उपकरणात शिरण्यापूर्वीच झालेल्या असतात. त्या नियंत्रण नमुन्याने उघडकीस येत नाहीत, कारण नियंत्रण नमुना रुग्णाच्या शरीरातून आलेला नसतो. ३७° से. तापमानास ठेवलेल्या रक्ताचे पीएच मूल्य दर १० मिनिटांस सु. ०·०१ ने घटते व कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब सु. १ मिमी. ने वाढतो, बर्फात हा वेग सु. एक दशांश होतो. रक्तातील पांढऱ्या कोशिकांची संख्या फार वाढलेल्या अर्बुदीय विकारांत या कोशिका पिचकारीतील ऑक्सिजन काही मिनिटांतच वापरून टाकतात व रुग्णात नसलेली ऑक्सिजन-न्यूनता अहवालात दिसते, हे १९७९ मध्ये वर्णन केले गेले. पिचकारीत राहिलेल्या हवेच्या बुडबुड्यात ऑक्सिजनाचा दाब सु. १५० मिमी. व कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे रक्तातील ऑक्सिजनाचा आकडा १५० च्या दिशेने सरकतो व कार्बन डाय-ऑक्साइडाचा उतरतो. रक्त गोठू नये म्हणून घातलेले द्रव हेपारीन जास्त झाल्यास रक्त विरल होऊन कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब कमी दिसतो. चुकून नीलेतील रक्त घेतले गेल्यास ऑक्सिजनाचा दाब ४० मिमी. च्या आसपास येतो.

बर्फाचा नियम काळानुसार कसा बदलावा लागला हे उद्बोधक आहे. काचेच्या पिचकाऱ्यांच्या काळात नमुना तत्काळ बर्फात ठेवण्याची शिकवण योग्य होती. नंतर प्लॅस्टिकच्या एकवेळ वापराच्या पिचकाऱ्या आल्या. प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन थोडाफार आरपार जातो आणि थंड रक्तात तो अधिक विरघळतो. त्यामुळे प्लॅस्टिक पिचकारी बर्फात ठेवल्यास ऑक्सिजनाचा आकडा बिघडण्याचा संभव वाढतो. यासाठी आता प्लॅस्टिक पिचकारीतील नमुना खोलीच्या तापमानास ठेवून ३० मिनिटांच्या आत तपासावा आणि उशीर अटळ असेल, तर काचेची पिचकारी बर्फात ठेवून वापरावी, अशी शिफारस केली जाते.

या चुका आकाराने लहान वाटल्या, तरी त्यांचे परिणाम लहान नसतात. दम्याच्या तीव्र झटक्यात रुग्ण जोराने श्वास घेत असल्यामुळे कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब सामान्यत: कमी असतो. तो ४० मिमी. पर्यंत आला, तर रुग्ण थकत चालल्याचा तो इशारा असतो व त्यापुढे वाढला, तर कृत्रिम श्वसनाची तयारी करावी लागते. ४६ मिमी. चा आकडा बुडबुड्यामुळे ३८ दिसल्यास हा इशारा पुसट होतो. तसेच दीर्घकालीन फुप्फुसविकारात घरी ऑक्सिजन देण्याचा निर्णय, १९८० व १९८१ मध्ये अनुक्रमे अमेरिका व ब्रिटन येथे प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनंतर, प्रामुख्याने ५५ मिमी. च्या आसपासच्या मर्यादेवर घेतला जाऊ लागला. या मर्यादेजवळ ५ मिमी. ची चूक झाली, तर आयुष्य वाढविणारा उपचार रुग्णास नाकारला जाऊ शकतो. पीएच मूल्याचे प्रमाण लॉगरिथमी असल्याने तेथेही लहान फरक फसवा असतो. ७·४० पासून ७·१० पर्यंत घट झाली म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण दुप्पट होते.

बाह्य नियंत्रण व कायदे : स्वत:च्या आलेखावरून प्रयोगशाळेस आपली सुसंगती कळते, परंतु सर्वांपेक्षा आपण सातत्याने वर किंवा खाली आहोत काय, हे कळण्यासाठी इतरांशी तुलना करावी लागते. बाह्य गुणवत्ता मूल्यमापनात एक संस्था अनेक प्रयोगशाळांकडे अज्ञात मूल्याचे नमुने पाठविते व आलेली उत्तरे ताडून पाहते. अमेरिकेत १९८८ मध्ये झालेल्या चिकित्सालयीन प्रयोगशाळा सुधारणा कायद्याखालील नियमांनी अशा तपासणीस बंधनकारक स्वरूप दिले. पीएच मूल्यासाठी ±०·०४ आणि कार्बन डाय-ऑक्साइडाच्या दाबासाठी ±५ मिमी. किंवा ±८ टक्के यांपैकी जी मोठी असेल ती, अशा मर्यादा ठरविण्यात आल्या. रक्तवायूंसाठी दर आठ तासांच्या कामात किमान एक नियंत्रण नमुना तपासणे आवश्यक ठरले. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी आयएसओ १५१८९ हे आंतरराष्ट्रीय मानक २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत रुग्णशय्येजवळ होणाऱ्या परीक्षांचाही समावेश करण्यात आला. भारतात परीक्षण व अंशशोधन प्रयोगशाळांचे राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ या मानकानुसार वैद्यकीय प्रयोगशाळांना अधिस्वीकृती देते.

रुग्णशय्येजवळील मापन : १९९० नंतर हातात मावणारी उपकरणे व एकत्रित संवेदकांच्या बंद पेट्या वापरणारे विश्लेषक अतिदक्षता विभागांत आले. अनेक विश्लेषक आता काही मिनिटांच्या अंतराने स्वत:ची तपासणी करतात व दोष आढळल्यास संबंधित राशीचे मापन बंद ठेवतात. नमुना नेण्याचा वेळ वाचल्यामुळे एक जुना दोष कमी झाला. मात्र उपकरण प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाकडून परिचारिका व निवासी वैद्य यांच्या हाती गेले. त्यामुळे त्यांचे प्रशिक्षण आणि प्रयोगशाळेची देखरेख यांना महत्त्व आले.

बोटास लावून संपृक्तता दाखविणाऱ्या नाडी-ऑक्सिजनमापकाचे तत्त्व जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधले. २०२० मध्ये आलेल्या कोव्हिड-१९ च्या साथीत हे साधन महाराष्ट्रासह सर्वत्र घरोघरी पोहोचले. त्याचे अंशशोधन निरोगी स्वयंसेवकांच्या रोहिणीतील रक्ताच्या मापनावरूनच केलेले असते. गडद त्वचेच्या रुग्णांत हे साधन रोहिणीतील प्रत्यक्ष संपृक्ततेपेक्षा अधिक आकडा दाखविण्याचा संभव जास्त असतो, असे १९९० मध्ये आढळले होते व २०२० मध्ये अमेरिकेतील मोठ्या रुग्णसंख्येच्या अभ्यासात त्यास पुष्टी मिळाली. शिवाय कार्बन डाय-ऑक्साइड व पीएच मूल्य यांविषयी ते काहीच सांगत नाही. यामुळे सुलभ साधने उपलब्ध झाली असली, तरी रोहिणीतील रक्ताच्या मापनाचे निर्णायक स्थान कायम आहे.

अहवालाची विश्वासार्हता : वरील इतिहासावरून रक्तवायूंच्या अहवालासाठी काही किमान अपेक्षा रूढ झाल्या आहेत. रक्त घेतल्याची व तपासल्याची वेळ, रुग्णाचे तापमान, तो श्वासाबरोबर घेत असलेल्या ऑक्सिजनाचे प्रमाण आणि कृत्रिम श्वसनाची स्थिती यांची नोंद अहवालावर असावी. श्वसनयंत्राच्या रचनेत बदल केल्यानंतर समतोल होण्यास सु. २० ते ३० मिनिटे जाऊ देऊन मगच नमुना घ्यावा. तिन्ही राशी हेंडरसन-हासेलबाल्क समीकरणाशी जुळतात की नाही हे पाहावे. आकडा व रुग्णाची प्रत्यक्ष अवस्था यांत विसंगती असल्यास उपचार बदलण्यापूर्वी नवा नमुना घ्यावा. मात्र रुग्ण स्पष्टपणे संकटात असल्यास अहवालासाठी थांबू नये. यांपैकी कोणतीही गोष्ट विश्लेषक स्वत: करू शकत नाही. १९५२ साली ब्लेगडाम रुग्णालयात एका अचूक आकड्याचा अर्थ रुग्णाकडे पाहून पुन्हा लावावा लागला होता. विश्लेषक पूर्णपणे स्वयंचलित झाल्यानंतरही हे काम अहवाल देणाऱ्या व तो वाचणाऱ्या व्यक्तींकडेच राहिले आहे.